आत्याबाईंसाठी बसका ओटा

२ ऑक्टोबर २००७

ठरलं! स्वयंपाकघर पाडायचं. आज ग्रामसभेत हागणदारीमुक्तीची शपथ झाली. सरपंच सगळ्या गावासमोर माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्तरीणबाईच्या घरी आधी संडास पाहिजे, मग गावाला सांगता येईल." मला राग आला की मी विचार न करता बोलते. उभी राहिले आणि म्हणाले, संडासही बांधते, गोबर गॅसही बांधते आणि संडास त्याच गॅसला जोडून दाखवते. टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत मनात खर्चाची बेरीज सुरू!

पण खरं तर हे पावसाळ्यापासूनच मनात आहे. आत्याबाईंचा खोकला. चार महिने कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या जाळल्या. घरात धूर एवढा की लेक सुजाता डोळे मिटूनच ताटावर बसते. बाळापूरच्या डॉक्टरांनी बाटली लिहून दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, सासूबाईंना धुरापासून लांब ठेवा, नाहीतर छाती जाईल. सासरे रामजी गेले तेव्हा आमचे हे, रत्नपाल, चौथीत होते. त्यानंतर ह्या बाईनं एकटीनं दुसऱ्यांच्या शेतात राबून मुलाला आयटीआय केलं, मुलीचं लग्न केलं, आणि मी नोकरी करते म्हणून आता माझी चूलही तीच फुंकते. तिची छाती मी धुराला देणार नाही. लिहून ठेवते.

७ ऑक्टोबर

सुजाताच्या पाटीवर नकाशा काढला. ती रुसली, तिचं गणित पुसलं गेलं.

हिंगोलीच्या प्रशिक्षणात 'पर्यावरणपूरक' हा शब्द दिवसभर ऐकून डोकं उठलं होतं. आता तो माझ्याच तोंडात बसलाय. रत्नपाल दुकानातून आले की दारातूनच — "पर्यावरणबाई, जेवायला मिळंल का?" वारंगा फाट्यावर दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या उडवणाऱ्या माणसानं मला हसावं!

भिंती मातीच्याच ठेवायच्या. उन्हाळ्यात गार राहतात. वरून चुना, रंग नको. जुने सागवानी वासे चांगले आहेत, तेच परत चढवायचे. समोरासमोर दोन खिडक्या, म्हणजे वारा आरपार. छपरात मधे एक काचेचं कौल, म्हणजे दिवसा बल्ब नको. मोरीचं पाणी केळीला. सिमेंट फक्त गॅसच्या टाकीला. आणि ओटा शहाबादी फरशीचा.

आत्याबाई चष्मा नाकावर ओढून पाटी बघत होत्या. "वट्टा कितीक उंच?" मी कमरेला हात लावून दाखवला. "उभ्यानं भाकर थापता येत न्हाई, बाई. मग माझं काय?"

खरंच की! त्यांच्यासाठी सगळा खटाटोप आणि त्यांनाच विचारलं नाही. मग एका कोपऱ्यात वीतभर उंचीचा बसका ओटा काढला. पाटावर बसायचं, समोर शेगडी, पाठीला भिंत, बाजूला खिडकी. तो फक्त त्यांचा. त्या हसल्या, मग खोकल्या, मग परत हसल्या.

१४ ऑक्टोबर

घरात रणधुमाळी! रत्नपालना संडास जोडणं मान्य नाही. "शेणाचं ठीक हाय गं. पण ते दुसरं... त्याच्यावर वांग्याची भाजी?" तोंड असं केलं, जणू भाजी समोरच ठेवलीय. साखऱ्याहून नणंदबाईंचा, सरिताचा फोन — "वहिनी, तसं केलं तर मी तुझ्या घरी पाणीबी पिणार न्हाई." मी समजावून समजावून दमले. टाकीतून वर येतो तो वायू. त्याला वास नाही, नाव-गाव नाही, जात तर नाहीच नाही! आपल्या एकट्या म्हशीच्या शेणावर घरभराची शेगडी चालत नाही, जोडलं तर भर पडते, घाणही जिरते. रत्नपाल ऐकून घेतात आणि पुन्हा वांग्यावर येतात.

शेवटी आत्याबाईंनी निकाल दिला. "शेण काय अन् गू काय, जळलं की समदं सारखंच. आमी मेलेली ढोरं वढली गावाची. मला काय वासाचं भेव दावतू? करू दे तिला."

घरात माझ्या बाजूनं एकच माणूस, आणि ती सासू! शाळेतल्या बायकांना सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही.

२१ ऑक्टोबर

विजयादशमी. विहारात वंदना. आत्याबाई पांढरं लुगडं नेसून पहिल्या ओळीत. मधेच उठून बाहेर जावं लागलं, खोकला थांबेना. येताना रस्त्यात माझा हात धरून म्हणाल्या, "तुझी ती खिडकी जल्दी कर गं."

२८ ऑक्टोबर

गवंडी मिळाला. संतराम. गॅसच्या टाकीचा घुमट विटांत बांधायचं प्रशिक्षण घेतलेला तालुक्यातला एकमेव माणूस — हे तो स्वतःच सांगतो. बोलतो फार, येतो कमी. तरी खड्डा झाला.

शेणाचं काम तांड्यावरच्या वसरामभाऊंनी मिटवलं. त्यांच्याकडे ढोरं पुष्कळ. ते आठवड्याला गाडीभर शेण देणार, आम्ही टाकीतून निघालेलं खत त्यांच्या शेताला द्यायचं. बोलणी त्यांच्या सुनेनं, नितानं केली. पोरगी हुशार आहे. तांड्यावरची अंगणवाडी तिच्याकडे, लसी-गोळ्यांचं कामही तीच बघते. आत्याबाईंचा खोकला ऐकून म्हणाली, "आज्जीला एकदा सरकारी दवाखान्यात नेऊ का, ताई?" मी म्हटलं, दाखवलंय गं, धुराचा आहे, तोच तर घालवतेय. तिनं मान हलवली.

१० नोव्हेंबर

पाडलं! दिवाळीची सुट्टी कारणी लागली. छप्पर उतरवताना एवढी काजळी पडली की रत्नपाल ओळखू येईनात. अंगणात चार पत्रे आडवे-उभे टाकून तात्पुरती चूल मांडली.

आत्याबाई बराच वेळ उघड्या जागेकडे बघत उभ्या होत्या. "घर उघडं पडल्यावानी वाटून राहिलं," म्हणाल्या. मी घाईघाईत पत्रे सरळ करायला वळले. नंतर वाईट वाटलं. जवळ बसायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर

संतराम आला नाही. मेहुण्याचं लग्न आहे म्हणे. मागच्या आठवड्यात ह्याच मेहुण्याच्या तेराव्याला गेला होता!

२७ नोव्हेंबर

वाईट दिवस. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या चंदाबाईंना टीबी निघाला. खिचडीचं काम माझ्याकडे, त्यामुळे सांगणंही माझ्याकडेच. उद्यापासून येऊ नका म्हटलं. पदर तोंडाला लावून रडल्या. बरं झाल्यावर परत घ्याल का विचारलं. मी बघू म्हटलं. 'बघू' म्हणजे काय ते त्यांनाही कळतं.

जेवताना घरी बोलले. रत्नपाल म्हणाले, "गरिबाच्या पोटावर पाय आला बघ." मला ते लागलं. म्हटलं, मी काय करणार? दीडशे लेकरं जेवतात तिथं. असल्या रोगाचं माणूस लेकरांत नकोच. आपल्या घरात असतं तर मी सुजाताला उचलून सरळ माहेर गाठलं असतं.

आत्याबाई अर्धी भाकरी ताटात ठेवून उठल्या. जेवण फारच कमी झालंय त्यांचं, लुगडंही अंगावर सैल दिसतं. सगळा त्या धुराचा प्रताप. उद्या संतरामला घरून धरून आणायला रत्नपालना पाठवते.

५ डिसेंबर

आत्याबाई तांड्यावर जायला लागल्यात. परवा सोमवारी गेल्या, आज परत. "निताचं पोरगं बघते जराशीक." वा! दुसऱ्याचं पोरगं बघायला एवढी पायपीट, आणि स्वतःची नात मांडीवर बसायला गेली तर — "आता मोठी झाली तू. लांब बस." सुजाताचा चेहरा बघवेना. तिनं मला येऊन विचारलं, "मी काय केलं?" मी काय सांगू?

कामात माणसाचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. त्यांचंही नसेल. घर असं उघडं, अंगणात थंडी.

१२ डिसेंबर

आज भयंकर चिडलेय.

अंगणात पत्र्याखाली एका खोक्यात आत्याबाईंनी स्वतःची कपबशी, ताटली, तांब्या वेगळा मांडलाय. स्वतः घासतात, उन्हात पालथं घालतात, कुणाला हात लावू देत नाहीत. आज मी घाईत त्यांच्या कपात सुजाताचं दूध ओतलं. त्यांनी तो कप माझ्या हातातून ओढला! दूध सांडलं. "ह्यात न्हाई! ह्यात द्यायचं न्हाई तिला!"

मी विचारलं, काहून? सांडलेलं दूध पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "तू ते संडासाचं जोडून राहिली ना. मला न्हाई जमायचं. माझं मी वायलं करीन. वायलं खाईन."

हीच बाई! 'जळलं की समदं सारखंच' म्हणणारी! टाकीत अजून शेणसुद्धा पडलं नाही, आणि हिची कपबशी वेगळी झाली.

वेगळी कपबशी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. माझे वडील एका हॉटेलात चहा प्यायचे, तेव्हा त्यांचा कप बाहेरच्या खुंटीला असायचा. पिऊन, धुऊन परत टांगायचा. वडील ते सांगताना हसायचे. मला कधी हसू आलं नाही. शाळेतले एक गुरुजी आजही माझ्या हातचा चहा घेत नाहीत. "ॲसिडिटी आहे, मॅडम." पाच वर्षांची ॲसिडिटी! आणि आज माझ्याच अंगणात, माझ्याच माणसानं... कुणी कान भरले? ते तांड्यावर बसणं उगीच नाही.

रत्नपाल म्हणतात, "ऱ्हाऊ दे. म्हाताऱ्या माणसाचं मन हाय. बदलंल." त्यांना मनातून बरं वाटतंय, मला दिसतं. वांगं जिंकलं.

१६ डिसेंबर

टाकी भरली. वसरामभाऊंच्या दोन गाड्या शेण, तेवढंच पाणी, मी स्वतः कालवलं. कोपरापर्यंत हात. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. आत्याबाई लांब जात्यावर बसून होत्या. एकदा उठून आल्या, काठीनं टाकीत ढवळलं, "गुठळ्या ऱ्हायल्या गं," म्हणाल्या आणि मग गुडघ्यावर बसून गुठळ्या स्वतः हातानं फोडल्या. अर्धा तास!

ज्या शेणात हात घालतात, त्याच्या आगीवरचं खाणार नाहीत. मला हे कोडं सुटत नाही. मी विचारलंही नाही. विचारलं की भांडण होतं.

३० डिसेंबर

गॅस जळला! संडासही परवाच टाकीला जोडला. निळी ज्योत! रत्नपालनी काडी ओढली आणि मागं उडी मारली, सुजाता टाळ्या पिटायला लागली. अर्धा हंडा पाणी तापलं, चहा झाला, भात झाला. ना धूर, ना काजळी. नव्या खिडकीतून ऊन थेट बसक्या ओट्यावर पडतं. चुन्याचा वास, ओल्या मातीचा वास. एवढं सुंदर स्वयंपाकघर ह्या गल्लीत कुणाचंच नाही. रत्नपालनी पहिला घास वांग्याचाच खाल्ला, डोळे मिटून. मग डोळे उघडले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मी आत्याबाईंना हाक मारली. पाट मांडला होता. म्हटलं, बसून तर बघा. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. आत डोकावून सगळं नीट बघितलं — खिडकी, फरशी, कौलातून पडलेला उजेड. "लई झ्याक झालं," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. आणि तशाच मागं फिरून पत्र्याखाली जाऊन चूल फुंकायला लागल्या.

मी तो पाट उचलून भिंतीला उभा केला. रडले. आनंदाच्या दिवशी मला रडवलं ह्या बाईनं.

८ जानेवारी २००८

हे कसलं उलटं शास्त्र? आत्याबाईंचा खोकला कमी झालाय! दिवसभर पत्र्याखाली त्याच पऱ्हाट्यांच्या धुरात बसतात आणि खोकत नाहीत. गाल भरलेत. काल विहारात मोठ्या आवाजात गाथा म्हटल्या. धूर घालवायला मी घर पाडलं, आणि ह्या धुरात बसून बऱ्या होतायत!

मग तो खोकला काय होता? माझ्या मनात नको ते आलं, आणि तोंडातूनही गेलं. नाटक होतं का? रत्नपालनी पाण्याचा तांब्या आदळला. "माझी माय नाटक करत न्हाई." जेवले नाहीत. मला कळतंय मी जास्त बोलले. पण मग दुसरं काय समजायचं, कुणीतरी सांगा ना!

११ जानेवारी

आज तांड्याच्या वाटेवर निता भेटली. मी थांबवलं. म्हटलं, आमच्या सासूबाई आठवड्यातून तीनदा तुझ्याकडे येतात, काय बोलता गं एवढं? तिनं मान खाली घातली. "काई न्हाई, ताई. बसतात घडीभर."

"तुमच्या घरचं शेण घेतो म्हणून आमच्या घरात भांडणं लावायची नसतात," म्हटलं. ती कावरीबावरी झाली. घाईघाईनं तांड्याकडे निघाली. चोराच्या मनात असतं ते चेहऱ्यावर दिसतं म्हणायचं. मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१९ जानेवारी

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

हागणदारीमुक्तीसाठी गावाची तपासणी होती. पाहुण्या मंडळींना दाखवायला माझं स्वयंपाकघर निवडलं होतं. सरपंच, शाळेतले सगळे, बाहेरून आलेले साहेब. अंगणात रांगोळी, गॅसवर पोहे, चहा. साहेबांनी टाकी बघितली, शेगडी पेटवून बघितली, खूष झाले. आणि बरोबर त्याच वेळी पत्र्याखालून धुराचा लोट आला. आत्याबाई त्यांची भाकरी थापत बसलेल्या. समोर ती वेगळी ताटली.

चहा पुढं केला तर ॲसिडिटीवाले गुरुजी हात जोडून म्हणाले, "मॅडम, घरचीच म्हातारी त्यावरचं खाईना, मग आम्हाला कशाला आग्रह?" सगळे हसले. कप बशीत तसेच राहिले. साहेबांनी तेवढा अर्धा प्याला. इतकी वर्षं ज्यांना माझ्या चहाला नकार द्यायला बरं कारण सापडत नव्हतं, त्यांना ते माझ्या सासूनं आयतं दिलं.

मंडळी फाटकाबाहेर गेली. मी कोपऱ्यातली पहार उचलली आणि चूल फोडली. तव्यावर भाकरी होती. राख उडाली, निखारे अंगणभर. आत्याबाई हात तसेच पिठाचे धरून बसल्या होत्या. मी ओरडत होते — आमच्या हातचं बाटतं का तुम्हाला? बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावून घरात कपबशी वेगळी? लोकांनी आपल्याला केलं ते तुम्ही मला करता?

त्यांनी तोंड उघडलं. दारात सुजाता उभी होती. तिच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मग एवढंच — "तुझ्या हातचं काहून बाटंन, बाई?"

रत्नपाल आले. चूल बघितली, मला बघितलं आणि निखारे विझवायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० जानेवारी

आत्याबाई साखऱ्याला गेल्या, सरिताकडे. "चार दिस ऱ्हाते तिकडं." पिशवीत दोन लुगडी आणि ती कपबशी. सुजाताच्या डोक्यावरून लांबूनच हात फिरवल्यासारखं केलं.

निघताना म्हणाल्या, "रत्न्या, गाडी जरा तांड्याकून घे. निताला भेटून येते." रत्नपाल मोटारसायकल वळवणारच होते. मी म्हटलं, काही गरज नाही, एसटी चुकेल. आणि तांड्यावर सांगायचं ते सांगून झालंय की आत्तापर्यंत. त्यांनी पिशवी उचलली. मग गाडीवर बसल्या. "जाऊ दे, चल," म्हणाल्या.

२३ जानेवारी

घर शांत. भिंतीला परत चुन्याचा हात दिला, पत्रे काढले, अंगण सारवलं. आता कुणीही आलं तरी धूर दिसणार नाही. सुजाता बसक्या ओट्यावर भातुकली मांडते. भाकऱ्या थापते मातीच्या. मी चहा ठेवते, भाजी टाकते, निवांत. हेच तर हवं होतं मला.

सरिताचा फोन होता. माय नीट जेवत नाही, गप बसून राहते म्हणाली. मी म्हटलं, राग गेला की जेवतील. रविवारी जाऊन घेऊन येऊ असं रत्नपाल म्हणतात. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माफी कुणी मागायची हे आधी ठरू दे.

२५ जानेवारी

निता आली. आत येईना, दारातच. "ताई, आज्जी कुठं हाईत? सोमवारपासून आल्या न्हाईत. तीन बारी गोळ्या चुकल्या. अशा मधीच सुटल्या की रोग पुन्हा उठतो."

कसल्या गोळ्या?

टीबीच्या. तिनंच दवाखान्यात नेऊन थुंकी तपासून आणली होती. डिसेंबरपासून गोळ्या तिच्या समोर घेतात. आता रोग कुणाला लागत नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तरी आज्जी लेकराला जवळ घेत नव्हत्या म्हणाली. मला का नाही सांगितलंस? — "शपथ घातली व्हती, ताई. म्हणल्या, सून पोरीला घेऊन माहेरी जाईल. घर मोडंल."

गोळ्या तिनं पिशवीत बांधून दिल्यात. साखऱ्याला जायला सकाळची पहिली एसटी धरणार आहे. उद्या झेंडावंदनाला मी नसेन. सुजाता विचारते, मीपण येऊ का आज्जीकडे? ये म्हटलं.